खिडकीला पैकीच्या पैकी

कॉलेजात त्यांना सगळे तुळईबाई म्हणायचे. तोंडावर ‘मॅडम’, पाठ वळली की तुळईबाई, आणि पाठ वळेपर्यंतसुद्धा कुणी फार थांबायचं नाही. कशावर किती ओझं टाकलं की ते कुठे वाकेल आणि कुठे मोडेल, हा त्यांचा विषय. तो अंगात इतका मुरलेला, की कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी चहा राहायचा बाजूला आणि बाईंची नजर भिंतीवरच्या फळीवर. “मधे वाकलीय हो ही. जड पुस्तकं कडेला सरकवा.” घरचे लोक हसायचे. नवरा म्हणायचा, “हिनं मला पसंत केलं तेसुद्धा आधी खांदे बघून.”

आता अशी बाई वर्गात काय बहार उडवत असेल, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. बाई वर्गात जायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि नोट्स सांगायच्या. दोन वाक्यं, मग श्वास, पुन्हा दोन वाक्यं. या नोट्स त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला रात्रंदिवस एक करून काढल्या होत्या. आता त्या तोंडपाठ झाल्या होत्या. तोंड नोट्स सांगायचं आणि मन गॅस संपला का, लेकीनं डबा नेला का, असं घरभर फिरून यायचं. समोरची मुलंही तशीच. त्यांचे हात लिहायचे, मन कुठल्या कुठे. बाईंचं तोंड आणि मुलांचे हात यांचा थेट सौदा ठरलेला. मधे डोकं नावाचा दलाल कुणालाच नको होता.

आणि एकट्या बाईंना तरी काय म्हणून बोल लावायचा? अख्खं कॉलेज त्याच वाटेनं चाललेलं. दारात हजेरीचं यंत्र होतं. सकाळी त्यावर अंगठा, संध्याकाळी अंगठा, मधे माणूस कुठे आहे ते त्याचं त्याला ठाऊक. एवढी शिकलेली मंडळी, पण सगळे अंगठेबहाद्दर! मुलांच्या हजेरीचं तर विचारूच नका. एकाच घशातून चार जणांचे ‘हजर’ निघायचे, आणि बाईंना ते चारही आवाज ओळखू यायचे, पण कोण वाद घालत बसतो? आपण बरं आणि आपलं काम बरं, असं म्हणता म्हणता काम कधी सुटलं ते कळलंच नाही, आपण बरं एवढंच उरलं.

गोष्ट सुरू झाली ती बाईंच्या फोनची बॅटरी संपली म्हणून. कॉलेजात रीत अशी, की पेपर एकानं तपासायचे आणि दुसऱ्यानं पडताळायचे. पडताळायचे म्हणजे शेवटच्या पानावर सही ठोकायची. बाईंच्या विषयाचे पेपर झेरॉक्स सरांनी तपासले होते. हे सर वर्गात शिकवत नसत, छापील नोट्सच्या प्रती वाटत, म्हणून त्यांचं हे नाव. बाई सह्या करत बसल्या होत्या, नवरा न्यायला येणार होता, फोन मेलेला. करायला काही नाही म्हणून त्यांनी एक पेपर वाचला. फोन चालू असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पेपरात लिहिलं होतं: ‘तुळईच्या मध्यावर भार टाकला असता वाक तेथे सर्वाधिक असतो, ती खिडकी लाव रे धूळ येतेय, आणि दोन्ही टोकांना तो शून्य असतो.’

बाईंना आधी हसू फुटलं. कुणीतरी वेंधळं पोरगं असेल. त्यांनी दुसरा पेपर उघडला. त्यातही खिडकी. तिसऱ्यात खिडकी. एका हुशार मुलीनं भाषा सुधारून लिहिलं होतं, ‘धूळ येत असल्यास खिडकी लावून घ्यावी.’ एकानं तो स्वतंत्र मुद्दा केला होता आणि त्याखाली पट्टीनं रेघ मारली होती. एका पठ्ठ्यानं तर आकृतीच काढली होती: तुळई, तुळईवर बाण, आणि शेजारी चौकटीसकट खिडकी. आणि अहो, प्रत्येक खिडकीवर झेरॉक्स सरांची लाल बरोबरची खूण! पैकीच्या पैकी!

एकच पेपर वेगळा निघाला. त्या प्रश्नापुढे पान कोरं होतं. त्याला भोपळा.

हसता हसता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना त्या एकदम थांबल्या. धूळ आलेला तो दिवस त्यांना आठवेना. खिडकी लावायला आपणच सांगितलं असणार, आवाज आपलाच असणार, पण आपण ते नोट्सच्या मधोमध, त्याच सुरात, श्वास घ्यायची जागासुद्धा न बदलता बोललो. मुलं ऐकत नव्हती, हे खरं. पण बोलणारी तरी कुठे ऐकत होती? बाईंना स्वतःची लाज वाटली. चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी तो गठ्ठा झेरॉक्स सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“मी पहिली ओळ बघतो आणि शेवटची,” सर म्हणाले. “मधलं पानभर भरलेलं असलं की झालं.”

“सर, आकृतीत खिडकी आहे.”

“मग काय, गुण कापू? कापले तर मुलं तक्रार करतील, फेरतपासणी होईल, ती पुन्हा माझ्याच गळ्यात. जाऊ द्या ना मॅडम. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलेले. तेव्हा सर फळ्यावर रंगीत खडूंनी अशा आकृत्या काढत, की पुढच्या तासाचे शिक्षक त्या पुसायला धजत नसत. बाईंना ते आठवलं, पण ते बोलून दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या गठ्ठा उचलून निघून गेल्या.

दुपारी घरी जाऊन लेकीला सांगितलं. लेक दुसऱ्या कॉलेजात शिकत होती. शिकत होती म्हणजे त्या वेळी दुपारचे तास चालू असताना गादीवर आडवी पडली होती. ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, “आई, आमच्याकडे तर सर लिहून देताना शिंकले, ती शिंकसुद्धा कुणीतरी लिहिली असेल.”

“आणि तू? तू इथे लोळतेस, मग तिकडे हजेरी कोण लावतंय?”

“मैत्रीण. उद्या मी तिची लावणार. अगं, गेलं काय न गेलं काय, तिकडे कुणाला फरक पडतो? सरांना पण नाही पडत.”

हे तिनं सहज म्हटलं. रागानं म्हटलं असतं तर बाईंनी दोन शब्द सुनावले असते. त्या स्वयंपाकघरात गेल्या, विनाकारण भांडी आवरली आणि तिथेच त्यांनी मनाशी पक्कं केलं: या वर्गाला एक ओळसुद्धा लिहून द्यायची नाही. काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या दिवशी तासाला त्यांनी खडूंचं खोकं नेलं आणि प्रत्येकाच्या हातात एक एक खडू दिला. “वाकवून मोडा.” मुलांनी मोडले. खडू सरळ तुटले. मग दुसरा खडू दिला. “आता हा वाकवू नका. ओला कपडा पिळतो ना, तसा पिळा.” पिळता पिळता खडू कटकन तुटले, पण या वेळी तिरके, जिन्यासारखे वळत गेलेले.

“पहिला सरळ मोडला, दुसरा तिरका. का?” बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी पेन उचलून वहीवर टेकवले आणि वाट बघू लागले. पुढचं वाक्य येणार म्हणून! बाई गप्प. मुलं गप्प. पंखा तेवढा बोलत होता. शेवटी पहिल्या बाकावरचा वर्गप्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, लिहायचं काय?”

“कारण लिहायचं.”

“सांगा ना.”

“तुम्ही सांगा. निदान मला विचारा. चुकीचं विचारा, पण विचारा.”

त्या दिवशी कुणी विचारलं नाही. पुढच्या तासाला नाही, पुढच्या आठवड्यात नाही. बाई लाकडी पट्ट्या आणायच्या, रबर आणायच्या, बिस्किटं आणायच्या, मोडायच्या, ताणायच्या, “का?” म्हणायच्या. बिस्किटं तेवढी संपायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. हळूहळू बाकं रिकामी होऊ लागली, आणि एक दिवस सगळ्या वर्गाच्या वतीनं प्रतिनिधी प्राचार्यांकडे गेला: मॅडम नोट्स देत नाहीत, परीक्षा तोंडावर आलीय, आम्हाला झेरॉक्स सर द्या.

प्राचार्य वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. समोर दोन संगणक, दोन्हींवर कसली ना कसली माहिती भरायची राहिलेली. “मॅडम,” ते म्हणाले, “मुलांना नोट्स हव्यात, पालकांना निकाल हवाय आणि मला शांतता हवीय. तिघांचं काम एका गोष्टीनं होतंय, तर तुम्हाला काय अडचण आहे?”

“मुलांना काही येत नाही, ही अडचण आहे.”

“ते आधीही येत नव्हतं. तेव्हा तक्रार नव्हती.” ते एका संगणकाकडे वळले. “हे बघा, या महिन्याअखेरपर्यंत बघतो. नाहीतर वर्ग सरांकडे, आणि तुम्ही प्रवेश विभागात. तिथे अर्ज तपासायला माणूस हवाच आहे. निवृत्तीपर्यंत डोक्याला ताप नाही.”

म्हणजे वर्ग जाणार. हाच एक वर्ग बाईंच्या वाट्याचा उरला होता. बाकीचे त्यांनी कधीच हसत हसत दुसऱ्यांना देऊन टाकले होते, काम कमी झालं म्हणून. आणि आता, जेव्हा शिकवावंसं वाटायला लागलं होतं, तेव्हा हा जाणार. पण नोट्सची वही काढायची नाही, हे मात्र ठरलेलं.

प्रयोगशाळेत लोखंडी सळीला पीळ द्यायचं एक यंत्र होतं. त्यावर मेणकापड, मेणकापडावर मामांचा डबा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. त्यांना सगळं कॉलेज मामाच म्हणायचं.

“मामा, हे चालू करायचंय.”

“कशाला मॅडम? रीडिंगं तर लिहिलेली असतात की सगळ्यांची.”

“यंत्र बंद असून?”

“माझ्या आधीच्या मामांपासून तीच रीडिंगं चालू आहेत. चांगली आहेत. कुणाची चुकत नाहीत.”

बाईंनी डबा उचलून खिडकीत ठेवला, मेणकापड ओढून काढलं, पदर खोचला आणि चिंधी घेऊन स्वतःच गंज घासायला लागल्या. मामांनी थोडा वेळ बघितलं. एकदा सुटा भाग मागवला होता त्यांनी, उत्तर आलं नाही. पुन्हा मागवला, मागवू नका असं उत्तर आलं. तेव्हापासून त्यांनी हात झटकले होते. पण बाईंनी ग्रीस भलतीकडेच चोपडलेलं त्यांना बघवेना. “द्या इकडे!” म्हणून त्यांनी चिंधी हिसकावली. “यंत्र आहे की खरकटी कढई?” दोघं संध्याकाळपर्यंत झटले. यंत्र गुरगुरलं, पण फिरलं नाही. “उद्या बघू,” मामा म्हणाले. ‘उद्या बघू’ हे मामा नेहमीच म्हणायचे, पण दुसऱ्या दिवशी खरोखरच बघत होते.

कोरं पान कुणाचं ते बाईंनी शोधून काढलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी. वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, म्हणून वर्ग तिला ‘गॅरेज’ म्हणायचा. तास संपल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

“सगळ्यांनी काहीतरी लिहिलं. तू पान कोरं का सोडलंस गं?”

“समजलं नव्हतं.”

“मग वर्गात विचारायचंस की.”

मुलगी खाली बघत एका दमात म्हणाली, “विचारलं होतं एकदा, पहिल्या वर्षी. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. आणि तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, मॅडम.”

मुलगी ‘जाऊ का?’ म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून बाई वर्गात जाताना मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायला लागल्या.

महिना संपला. यंत्र अजून नुसतंच गुरगुरत होतं. प्राचार्य झेरॉक्स सरांना घेऊन वर्गात आले. सरांच्या काखेत प्रतींचा गठ्ठा होता. बातमी आधीच फुटली असावी, कारण त्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. नोट्स मिळणार म्हटल्यावर कोण घरी बसतो? बाई फळ्याशेजारी उभ्या होत्या. खडूचं खोकं तेवढं त्यांनी हातात धरलं होतं, कारण हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

“आजपासून हा विषय सर शिकवतील,” प्राचार्यांनी जाहीर केलं. “कुणाला काही बोलायचंय?”

विचारायची पद्धत म्हणून विचारलं होतं. या वर्गात कधी कुणी बोललं होतं का? प्राचार्य दाराकडे वळलेसुद्धा.

“सर, मॅडमचं चुकलंय.”

मागच्या बाकावरची मुलगी उभी होती. सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. तिचा चेहरा लाल झाला, पण ती खाली बसली नाही.

“बघा, मॅडम,” प्राचार्य म्हणाले, “मुलंच सांगतायत. बोल बाळ, न घाबरता बोल.”

मुलीनं पिशवीतून लोखंडाचा एक जाडजूड तुकडा काढला आणि धाडकन बाकावर ठेवला. “हा शाफ्ट आहे, चाकं फिरवणारा दांडा. परवा वडिलांकडे एक ट्रक आला, त्यातला. गाडी चिखलात रुतली आणि ड्रायव्हरनं जोर लावला, तेव्हा पीळ बसून मोडला. मॅडम म्हणतात, पिळलं की तिरकं मोडतं. हा बघा. सुरीनं कापल्यासारखा सरळ तुटलाय. मी रात्रभर विचार करतेय. एकतर मॅडमनी चुकीचं सांगितलं, नाहीतर अर्धंच सांगितलं. मला कारण पाहिजे.”

पहिल्या बाकावरून वर्गप्रतिनिधी, तोच तक्रारवाला, मागे वळून म्हणाला, “तो आधीच चिरलेला असेल.”

“चिरलेला असता तर आत गंज दिसला असता. ये, बघ.”

“मग लोखंड वाईट असेल.”

“वाईट लोखंड सरळ तुटतं का? कुणी सांगितलं तुला?”

“अरे पण खडू कुठे, लोखंड कुठे! खडू काय ताणला जातो का?” तिसराच कुणीतरी ओरडला. चार जण उठून मागे गेले. तुकडा हातोहात फिरू लागला. कुणी म्हणे जाडीमुळे, कुणी म्हणे झटक्यामुळे. “शांत! शांत बसा!” प्राचार्य म्हणाले, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

बाईंना कारण माहीत होतं. खडू ठिसूळ, तो ताणानं फाटतो, म्हणून तिरका. पोलाद चिवट, ते आतल्या आत घसरत जाऊन तुटतं, म्हणून सरळ. जिभेवर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि आनंदानं त्यांच्या छातीत इतकं धडधडलं, की खोकं टेबलावर ठेवावं लागलं.

“सर, तुम्ही सांगून टाका ना,” प्राचार्य झेरॉक्स सरांना वैतागून म्हणाले. “आता वर्ग तुमचा आहे. एकदा उत्तर मिळालं की बसतील गप.”

झेरॉक्स सर कधीचे त्या घोळक्यात शिरले होते. शाफ्टचा तुकडा त्यांच्या हातात होता आणि त्याच्या सपाट तोंडावरून ते अंगठा फिरवत होते. त्यांनी काखेतला गठ्ठा बाकावर ठेवला, वरचं पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग उलटायचं थांबले.

“यात नाहीये,” ते म्हणाले.

“मग तोंडी सांगा.”

सरांनी वर बघितलं. मुलं वाट बघत होती. पेन घेऊन नाही, नुसतीच, त्यांच्या तोंडाकडे बघत. “मला येत होतं,” सर म्हणाले. “याची आकृती काढायचो मी. दोन रंगांत. शपथेवर सांगतो, येत होतं मला.” “आता आठवत नाही.”

कुणी हसलं नाही. हसतील असं बाईंना वाटलं होतं, पण नाही हसले.

“सर, हा वर्ग मला नको,” झेरॉक्स सर प्राचार्यांना म्हणाले. “मॅडमकडेच राहू द्या.”

“अहो, पण पत्र निघालंय! आणि नोट्स? मुलांना नोट्स हव्यात!”

“कुणाला हव्यात?” सरांनी वर्गाला विचारलं. काही हात वर आले. खोटं कशाला बोला, बरेच आले. सरांनी गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला. “घ्या. ज्याला हव्यात त्यानं न्या. पण ही पोरगी विचारतेय ते यात नाही.”

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, हातातलं पत्र घडी करून खिशात घातलं. “सत्र परीक्षेनंतर बोलू,” असं म्हणून ते गेले. पत्र फाडलं नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं. म्हणजे टांगती तलवार होतीच. असू दे.

झेरॉक्स सर मागच्या बाकाकडे गेले. “जरा सरक गं,” ते त्या मुलीला म्हणाले आणि तिच्या शेजारी टेकले. बाकाखाली त्यांचे गुडघे मावेनात.

“मॅडम,” ते म्हणाले, “चालू करा. मलाही कारण पाहिजे.”